विमा नाही म्हणून तपासणी राहू देऊ नका: स्तनाच्या आणि पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची फुकट तपासणी नेमकी असते कशी

२०२५ च्या सप्टेंबरात, गणपती उरकून चाकरमानी मुंबईला परतले न परतले तोच १७ तारखेला 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार' अभियान सुरू झालं. २ ऑक्टोबरपर्यंत देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत बायकांसाठी शिबिरं होती, त्यात स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणीसुद्धा होती. तेव्हापासून आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात बायका एकमेकींना जे विचारतात ते साधारण असं, आमचा कसलाच विमा नाही मग आमचं कोण तपासणार, फुकट म्हणतात पण नंतर बिल लावलं तर, आणि निघालंच काही तर पुढचा खर्च कोण करणार, त्यापेक्षा माहीत नसलेलंच बरं.

हे शेवटचं वाक्य मला फार लागतं. कारण ज्या दोन कॅन्सरविषयी आपण बोलतोय ते दोन्ही असे आहेत की लवकर हाती लागले तर बाई बरी होऊन शेतावर, बाजारात, आपल्या कामावर परत जाते, आणि उशीर झाला तर घर विकूनही हाती काही लागत नाही. आणि विम्याचा जो घोळ डोक्यात आहे तो तर निव्वळ माहिती नसल्यामुळे आहे, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आधी स्क्रीनिंग म्हणजे काय ते बघू

काही त्रास होत नसताना जी तपासणी करतात तिला स्क्रीनिंग म्हणतात. त्रास सुरू झाल्यावर डॉक्टर जे करतात, सोनोग्राफी, गाठीचा तुकडा काढून बघणं वगैरे, ते निदान. या दोघांत आपण कायम गल्लत करतो.

आपण मे महिन्यात कौलं परतून घेतो ना, तसं आहे हे. घर गळत नसतं तेव्हाच माणूस वर चढतो, एकेक कौल बघतो, फुटकं बदलतो, आणि मिरगाला निर्धास्त झोपतो. जुलैच्या पावसात पाणी थेट आढ्यातून गळायला लागल्यावर वर चढायला गेलं तर खर्च दहापट आणि भिंत तर गेलेलीच असते. आणि वर चढलेल्याला एखादं कौल संशयाचं वाटलं म्हणजे ते फुटकंच असेल असंही नाही, काढून हातात घेऊन बघावं लागतं. स्क्रीनिंगमध्येही तसंच, संशय आला म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, पुढे नीट बघावं लागेल एवढाच त्याचा अर्थ. हे एक डोक्यात पक्कं बसलं की निम्मी भीती जाते.

हे दोनच कॅन्सर का निवडले

कारण आपल्या बायकांना सगळ्यात जास्त हेच दोन होतात. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण १ लाख ९२ हजार नव्या केसेस होत्या, गर्भाशयाच्या तोंडाच्या साधारण १ लाख २७ हजार, आणि या दुसऱ्या कॅन्सरने त्या एका वर्षात जवळपास ८० हजार बायका गेल्या. आणि तपासणी किती जणींची झाली होती माहितीय? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या होत्या १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. स्तनाची तपासणी झालेल्या तर शंभरात एकसुद्धा नाही.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६. पुरुष मुंबईला, आणि इथे घर, गुरं, भात, काजू, म्हातारीकोतारी सगळं एका बाईच्या डोक्यावर. ती आजारी पडली तर चूल बंद. म्हणून ती स्वतःच्या दुखण्याकडे सगळ्यात शेवटी बघते, आधी लावणी उरकू दे, मग गणपती होऊ देत, मग कापणी, मग पोरांची परीक्षा, मग आंबा-काजू, आणि वर्ष गेलं.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो कसा

आपण जिला पिशवी म्हणतो तो गर्भाशय, आणि पिशवीचं खालचं तोंड जे योनीमार्गात उघडतं ते गर्भाशयमुख. तिथे होणारा कॅन्सर जवळजवळ सगळा एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. हॅराल्ड त्सूर हाउजन या जर्मन शास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. या व्हायरसचे पुष्कळ प्रकार आहेत, त्यातले १६ आणि १८ नंबरचे दोनच साधारण ७० टक्के केसेसना जबाबदार.

आता हे नीट वाचा. हा व्हायरस शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे की बहुतेक बायकांना आणि पुरुषांनाही आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो, कळतसुद्धा नाही, आणि बहुतेकांचं शरीर तो एक-दोन वर्षांत आपोआप काढून टाकतं. थोड्या जणींत तो तिथेच मुक्काम ठोकतो. मग तिथल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. हा बदल म्हणजे कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीची पायरी आहे, आणि त्या पायरीवरून कॅन्सरपर्यंत जायला सहसा १५ ते २० वर्षं लागतात. एचआयव्ही असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर त्याहून लवकर.

इतकी वर्षं हातात असतात. या काळात एकदा जरी कोणी डोळ्यांनी बघितलं तरी तो भाग तिथल्या तिथे काढून टाकता येतो आणि कॅन्सर होतच नाही. कॅन्सर लवकर सापडणं वेगळं आणि होण्याआधीच थांबवणं वेगळं, आणि या कॅन्सरमध्ये थांबवता येतो म्हणून मी एवढं आवर्जून सांगतेय.

तपासणीच्या टेबलावर काय होतं

सरकारी दवाखान्यात जी टेस्ट मुख्यतः करतात तिचं नाव व्हीआयए. टेबलावर झोपवतात, गुडघे दुमडायला सांगतात, दोन पात्यांचं स्पेक्युलम नावाचं साधन हळूच आत घालतात म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. मग ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच, कापसाच्या बोळ्याने तिथे लावतात आणि एक मिनिट थांबतात. ॲसिड हा शब्द ऐकून घाबरू नका, फार तर थोडं चुरचुरतं. बदललेल्या पेशींमध्ये प्रोटीन जास्त असतं, या पाण्याने ते तात्पुरतं गोठतं आणि तेवढा भाग पांढरा दिसतो. पांढरा डाग दिसला तर पुढे पाठवायचं, नाही दिसला तर पाच वर्षांनी परत या. लॅब नाही, रिपोर्टसाठी फेऱ्या नाहीत, निकाल तिथल्या तिथे. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं. थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत मात्र नाही, आणि श्वास सोडून अंग सैल ठेवलं तर अजून सोपं जातं.

इतकी साधी टेस्ट, मग ती खरंच कामाची आहे का? हा प्रश्न टाटा मेमोरियलने मुंबईतच तपासला. १९९८ पासून झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाख बायका घेतल्या, वय ३५ ते ६४. तपासणाऱ्या कोण होत्या? डॉक्टर नव्हेत, दहावी शिकलेल्या बायका, त्यांना चार आठवड्यांचं ट्रेनिंग दिलेलं. दर दोन वर्षांनी व्हीआयए केली आणि या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ मध्ये हा निकाल जाहीर झाला तेव्हा जगभर त्याची दखल घेतली गेली. मला या कामाचा फार अभिमान वाटतो, कारण त्या झोपडपट्ट्यांत आपल्या कोकणातून पोटासाठी गेलेल्या बायकाही राहतात.

व्हीआयएपेक्षा जास्त पक्की टेस्टही आहे, एचपीव्ही टेस्ट. त्यात व्हायरसच आहे का ते लॅबमध्ये बघतात. तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला, त्यात आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जागतिक आरोग्य संघटनाही आता हीच टेस्ट पहिली करा म्हणते. पण ती महाग आहे, लॅब लागते, म्हणून गावपातळीवर अजून व्हीआयएच जास्त चालते. खाजगी दवाखान्यात पॅप स्मीअर करतात, त्यात पेशींचा नमुना काचेवर घेऊन तपासतात, तीही चांगली. मिळेल ती करा. चांगल्या टेस्टची वाट बघत एकही न करणं हे सगळ्यात वाईट.

जायचं कधी? पाळी चालू असताना नको, गरोदर असताना नको, आधीचे दोन दिवस आतून औषध वगैरे लावू नका. आणि पाळी कायमची बंद झालेल्यांनीही जायचं, फक्त त्या वयात बदलणारा भाग आत सरकतो आणि व्हीआयएत नीट दिसत नाही, तेव्हा दुसरी टेस्ट सुचवली तर टाळू नका.

छातीची तपासणी

ही त्याहून सोपी. प्रशिक्षण घेतलेली सिस्टर किंवा उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी, जिला सगळे सीएचओ मॅडम म्हणतात, ती हाताने दोन्ही बाजू आणि काखा चाचपून बघते. गाठ, कातडीला पडलेली खळी, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्तासारखं पाणी, हे बघायचं असतं. ३० ते ६५ वयाच्या बाईने दर पाच वर्षांनी ही तपासणी करावी असं सरकारी धोरण आहे, व्हीआयएसाठीही तेच वय आणि तेच अंतर.

इथे खरं ते सांगायला हवं. मुंबईच्या त्याच कामात हाताने तपासण्याचाही अभ्यास झाला, वीस वर्षांनी, २०२१ मध्ये त्याचा निकाल आला. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले, पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे व्हीआयएसारखं इथे होण्याआधी थांबवणं जमत नाही, गाठ लहान असताना पकडणं जमतं. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या आई, काकी, मामी यांना हाताला धरून न्या, त्यांना सगळ्यात जास्त फायदा आहे आणि नेमक्या त्याच 'आता माझं काय राहिलंय' म्हणून घरी बसतात. आणि पन्नाशीच्या आतल्यांनी निवांत राहावं असंही नाही, आपल्या देशात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो.

मॅमोग्राफी म्हणजे छातीचा एक्सरे. हाताला न लागणारी बारीक गाठही त्यात दिसते. तरुण वयात छातीचा भाग दाट असल्यामुळे त्यात नीट दिसत नाही, तिथे सोनोग्राफी करतात. मॅमोग्राफीचं मशीन प्रत्येक सरकारी दवाखान्यात नसतं, त्यामुळे लांबून एसटी पकडून जायच्या आधी फोन करून मशीन चालू आहे का, कुठल्या वारी करतात, हे विचारा. ही गोष्ट मी कळकळीने सांगतेय, कारण सकाळी सहाला निघालेली बाई मशीन बंद म्हणून परत आली की ती दुसऱ्यांदा जात नाही.

घरच्या घरी हाताने बघणं? शांघायमध्ये अडीच लाखांहून जास्त बायकांना ते पद्धतशीर शिकवून बघितलं, मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. पण आपलं अंग रोज कसं असतं हे आपल्याला माहीत हवं, आंघोळ करताना हाताला नवीन काही लागलं तर पाच वर्षांच्या तपासणीची वाट न बघता त्याच आठवड्यात दवाखाना. आणि 'दुखत नाही म्हणजे साधी गाठ' हे डोक्यातून काढून टाका, सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखतच नाही. त्याच वेळी हेही खरं की छातीतल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात.

आता विम्याचं काय

'विमा नसलेल्या बायकांची फुकट तपासणी' ही भाषा मूळची अमेरिकेकडची. तिकडे दवाखाना म्हणजे विमा, आणि विमा नसलेली गरीब बाई तपासणीला जाऊच शकत नव्हती. म्हणून तिथे १९९० मध्ये कायदा झाला आणि कमी उत्पन्नाच्या, विमा नसलेल्या किंवा अपुरा विमा असलेल्या बायकांसाठी याच दोन कॅन्सरच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. पण तपासणी फुकट, आणि कॅन्सर निघाला तर उपचाराचं बिल कोण देणार? त्यासाठी दुसरा कायदा यायला २००० साल उजाडलं. म्हणजे आपल्या बायका आज जो प्रश्न विचारतात, निघालंच तर पुढे काय, तोच तिथल्याही बायकांना पडला होता.

आपल्याकडे मांडणी वेगळी आहे. इथे सरकारी तपासणीला विमा लागतच नाही. आशाताई घरी येऊन ३० च्या पुढच्या सगळ्यांचा सीबॅक फॉर्म भरते, तुम्ही मिश्री लावता का, तंबाखू खाता का, छातीत गाठ आहे का, दोन पाळ्यांच्या मधे अंगावर जातं का असे प्रश्न त्यात असतात, आणि मग उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलावतात. आता यांना आयुष्मान आरोग्य मंदिर असा बोर्ड लागलेला आहे. बीपी, शुगर, तोंडाची, स्तनाची, गर्भाशयमुखाची तपासणी तिथे होते, व्हीआयएचं ट्रेनिंग झालेली व्यक्ती तिथे नसेल तर वरच्या दवाखान्यात पाठवतात. यात कुठेही पॉलिसी, उत्पन्नाचा दाखला, पिवळं-केशरी-पांढरं कार्ड हा प्रश्न येत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेजला जोडलेल्या ठिकाणी थोडी फी असू शकते, ती आधी विचारून घ्या.

उलट ज्यांच्याकडे खाजगी मेडिक्लेम आहे त्यांनी हे समजून घ्या की साधा मेडिक्लेम बहुतेक वेळा ॲडमिट झाल्यावरचा खर्च देतो. काही त्रास नसताना केलेल्या तपासणीचे पैसे त्यात सहसा नसतात. म्हणजे तपासणीच्या बाबतीत विमा असलेली आणि नसलेली दोघी एकाच रांगेत आहेत.

आणि निघालंच तर? त्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली, तीच ही. २०२३ च्या निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू केली, आधी पांढऱ्या कार्डवाल्यांना नव्हती, आता आहे. वर्षाला एका कुटुंबाला ५ लाखांपर्यंत. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन यांची पॅकेजं तिच्यात आहेत. रेशनकार्ड मुंबईचं असलं तरी चालतं, राज्यातल्या योजनेत असलेल्या कुठल्याही हॉस्पिटलात. आपल्याकडे कितीतरी घरांचं कार्ड लालबागचं किंवा नालासोपाऱ्याचं असतं म्हणून हे मुद्दाम सांगितलं. हॉस्पिटलच्या दारातच आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या माणसाचा, टेबल असतो, आधी त्याला भेटा, उपचार सुरू करण्याआधी मंजुरी घ्यावी लागते. पैसे भरून झाल्यावर परत मिळत नाहीत, त्यामुळे हा क्रम चुकवू नका. योजनेचा फोन १५५३८८.

या सगळ्यात एक कच्चा दुवा आहे, तो तपासणी आणि उपचार यांच्या मधला. उपकेंद्रात संशय आला, चिठ्ठी मिळाली, आणि बाई ती चिठ्ठी देवघरातल्या डबीत ठेवून देते. पुढच्या तपासणीला तालुका किंवा जिल्हा गाठायचा, सोबत कोणी नाही, एक दिवसाची मजुरी बुडते. माझ्या मते आपण सगळ्यांनी जोर लावायचा तो इथे. बचतगटाने फक्त शिबिराला गर्दी जमवून थांबू नये, ज्यांना चिठ्ठी मिळाली त्या पुढे पोचल्या का ते बघावं. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलने टाटा मेमोरियलच्या सोबतीने आपल्या भागात गावोगाव कॅन्सर तपासणीचं काम केलंय, म्हणजे कोकणात हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

"माका काय एक होवक नाय, मगे तपासूक कित्याक जाव?"

हे मालवणपासून मंडणगडपर्यंत आपापल्या बोलीत सगळीकडे ऐकू येतं. याचं उत्तर वर आलंच आहे, काही होत नसतं तेव्हाचीच ही तपासणी आहे. पण काही गोष्टी होत असतील तर ते 'काही होत नाही' मध्ये मोजू नका: संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर परत लाल दिसणं, घाण वास येणारं पाणी जाणं. पाळी गेल्यानंतर परत रक्त दिसलं की आपल्याकडे 'पाळी परत आली' म्हणून सोडून देतात. ती परत येत नसते. लगेच दाखवा, यात शिबिराची वाट बघायची नाही.

"मला हे व्हायला मी काय तशी आहे का?"

एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो म्हटलं की बाईच्या चारित्र्यावर बोट जातं, आणि त्या भीतीने बायका तपासणीचं नावही घरात काढत नाहीत. आयुष्यात एकाच माणसासोबत संसार केलेल्या बाईलाही हा व्हायरस होऊ शकतो, तो लग्नाच्या आधीचा असू शकतो, नवऱ्याकडून आलेला असू शकतो, कितीतरी वर्षं गप्प पडून असू शकतो. कधी आला, कोणाकडून आला हे कुठल्याच टेस्टने कळत नाही. त्यावरून कोणी घरात भांडण काढत असेल तर ते चूक आहे, एवढं पुरुषांनीही वाचावं.

"तपासायला पुरुष डॉक्टर असला तर?"

उपकेंद्रात आणि शिबिरात हे काम बहुतेक ठिकाणी सिस्टर आणि सीएचओच करतात. आणि पुरुष डॉक्टर असलाच तरी सोबत एक बाई हजर ठेवायला सांगणं हा तुमचा हक्क आहे, दार नीट लावलेलं आहे का, पडदा आहे का हेही बिनधास्त विचारा. आशाताईसोबत दोघी-तिघी मैत्रिणी मिळून गेलात तर अवघडलेपण निम्मं होतं.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणे"

नाही पसरत. तुकडा काढून तपासणं म्हणजे बायोप्सी, आणि ती केल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही हे कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. होतं असं की गाठ वाढल्यावर, फार उशिरा बायोप्सी होते, नंतर महिन्याभरात बाई जाते, आणि लोक दोष सुईला देतात. झाडपाल्यात घालवलेले सहा महिने कोणी मोजत नाही.

"माझी तर पिशवी काढलीय"

कॅन्सर किंवा त्याच्या आधीच्या बदलांसाठी नव्हे तर दुसऱ्या कारणासाठी काढली असेल, आणि तोंडासकट पूर्ण काढली असेल, तर व्हीआयए लागत नाही. पण कधी कधी तोंड ठेवतात, मग तपासणी लागते. डिस्चार्ज कार्ड शोधून सिस्टरला दाखवा. छातीची तपासणी मात्र सगळ्यांनाच.

"मुलीला लस दिली की झालं ना?"

एचपीव्हीची लस हवीच. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना दिली तर सगळ्यात चांगला उपयोग होतो, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही भारतात बनलेली लस २०२३ पासून मिळते. पण आधीच झालेला संसर्ग लस काढून टाकत नाही आणि व्हायरसच्या सगळ्या प्रकारांवर ती चालत नाही. म्हणून मुलीला लस, आईला तपासणी, आणि मुलगी तिशीची झाली की तिलाही तपासणी.

पांढरा डाग दिसला किंवा गाठ लागली, पुढे काय

पहिलं म्हणजे श्वास घ्या. व्हीआयए पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेक जणींना कॅन्सर नसतो, साध्या सूजेनेही पांढरं दिसू शकतं. पुढे कॉल्पोस्कोपी करतात, म्हणजे भिंगाच्या यंत्रातून तोच भाग मोठा करून बघतात, गरज वाटली तर बारीक तुकडा घेतात. कॅन्सरच्या आधीचे बदल असतील तर तो भाग उष्णता देऊन किंवा गोठवून नष्ट करतात, काही मिनिटांचं काम, भूल द्यावी लागत नाही, पिशवी काढावी लागत नाही, संध्याकाळी घरी. काही जणींना तारेच्या साधनाने तो भाग कापून काढावा लागतो, तेवढा भाग सुन्न करून करतात. छातीच्या गाठीसाठी मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि मग सुईने तपासणी.

यात दोन महिने, तीन महिने घालवू नका. चिठ्ठी मिळाल्याच्या दिवशीच सिस्टरला विचारा की कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कुठल्या नंबरच्या खोलीत जायचं, आणि ते कागदावर लिहून घ्या. आशाताईचा नंबर असू दे, काही अडलं तर १०४ वर फोन करून सल्ला मिळतो. जाताना आधार, रेशनकार्ड, जुने सगळे कागद एका पिशवीत. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

कॅन्सर ठरला आणि मुंबईला जावं लागलं तर कोकण रेल्वेनेही परवडतं. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात हॉस्पिटलचं सर्टिफिकेट लागतं, ते हॉस्पिटलातूनच सही-शिक्क्यासकट मिळतं, स्टेशनवर मिळत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी ओपीडीतून निघायच्या आधी मागून घ्या.